शिन ते-योंग: आग लागल्यावरच बोलावलेला मिडफिल्डर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिन ते-योंग या कोरियन प्रशिक्षकाने २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीला हरवलं, पण त्याचा संघ गटातूनच घरी परतला. इंडोनेशियाला त्याने वर आणलं, तरी त्यांनी त्याला मध्येच काढलं. उल्सानमध्ये तर दोन महिन्यांतच गाशा गुंडाळावा लागला. मग त्याला मोठा प्रशिक्षक म्हणायचं, की नशिबाने एक मोठी मॅच हाती लागलेला माणूस? आणि मधल्या फळीत खेळलेली माणसं चांगली प्रशिक्षक होतात असं म्हणतात, ते त्याच्या बाबतीत खरं आहे का?

मी स्वतः मधल्या फळीत खेळलो आणि गेली बावीस वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतोय. शिनचं काम मी २०१० पासून बारकाईने पाहत आलोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. तो मोठा प्रशिक्षक आहे, पण त्याचं मोठेपण निकालांच्या तक्त्यात नीट दिसत नाही, कारण त्याला जवळजवळ प्रत्येक काम दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं मिळालं. कोरियातले वार्ताहर त्याला ‘सोबांगसू’ म्हणत आले. सोबांगसू म्हणजे आग विझवणारा, आपल्या भाषेत बंबवाला. बंबवाल्याला घराचा नकाशा काढायला कुणी बोलावत नाही. पाया खणण्यापासून काम करायची संधी त्याला एकाच ठिकाणी मिळाली, ती इंडोनेशियात. म्हणून मी त्याला जोखताना जर्मनीला हरवलं त्या रशियातल्या कझानपेक्षा इंडोनेशियाच्या जकार्ताकडे जास्त बघतो.

पण सुरुवात खेळाडूपासून करायला हवी. त्याशिवाय पुढचं कळत नाही.

कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर ग्योंगसांग प्रांतात योंगडोक नावाचा भाग आहे, खेकड्यांसाठी प्रसिद्ध. शिन तिथला, जन्म १९७० चा. योंगनाम विद्यापीठातून १९९२ मध्ये तो इल्ह्वा चुन्मा या क्लबात आला आणि पहिल्याच मोसमात लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. १९९३, १९९४ आणि १९९५ अशी सलग तीन वर्षं इल्ह्वाने लीग जिंकली. पुढे क्लबाचं बिऱ्हाड चोनानला गेलं, तिथून सोंगनामला. सोंगनामला आल्यावर २००१, २००२, २००३ अशी पुन्हा सलग तीन विजेतेपदं. सहाही वेळा शिन संघात होता. १९९५ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २००१ मध्ये पुन्हा. मधलं सहा वर्षांचं अंतर बघा. पंचविशीतले पाय आणि तिशीतले पाय सारखे नसतात. दुसऱ्यांदा तो मान मिळवणारा माणूस पायांइतकाच डोळ्यांनी खेळत होता.

कोरियन लीगमध्ये ४०१ सामने, ९९ गोल, ६८ असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास), आणि सगळं एकाच क्लबासाठी. शंभराला एक गोल कमी पडला. मिडफिल्डरचे ९९ गोल ही काय चीज आहे, हे मधल्या फळीत खेळलेल्यालाच कळेल.

त्याला ‘मैदानातला कोल्हा’ म्हणत. अंगापिंडाने तो काही दांडगा नव्हता. चेंडू येण्याआधी तो मान वळवून मागचं चित्र पाहून ठेवायचा, आणि चेंडू आला की बचावपटूला वाटे त्याच्या उलट बाजूला वळायचा. मी माझ्या मुलांकडून एक सराव करून घेतो. चेंडू ज्याच्याकडे निघालाय त्याच्या पाठीमागे मी उभा राहतो आणि हाताची बोटं वर करतो, कधी दोन, कधी चार. चेंडू पायाला लागायच्या आत त्याने आकडा ओरडून सांगायचा. पहिले दोन आठवडे बहुतेक मुलं चेंडूकडेच टक लावून बघतात. महिनाभराने दोघं-तिघं असे निघतात की ज्यांची मान आपोआप फिरायला लागते. मिडफिल्डर तिथे घडायला सुरुवात होते, आणि माझ्या अनुभवात पुढे प्रशिक्षक व्हायची शक्यताही त्याच दोघा-तिघांत असते. बचावपटूच्या समोर खेळ असतो. फॉरवर्डला एक गोल दिसला तरी चालतो. मधल्या माणसाच्या चारी बाजूंना खेळ चाललेला असतो आणि चेंडू कधी, कसा येणार हे त्याच्या हातात नसतं. मिळेल त्या चेंडूतून पुढचं काहीतरी काढायचं, हीच त्याची नोकरी. शिनची प्रशिक्षक म्हणून सगळी वाटचाल मला तशीच दिसते.

इल्ह्वात त्याला घडवलं पार्क जोंग-ह्वान यांनी. १९८३ च्या जागतिक युवा स्पर्धेत कोरियाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारे तेच गुरुजी. त्यांच्या खेळाला कोरियात मधमाश्यांच्या थव्याची उपमा देत. चेंडू कुठेही जावो, मोहोळ उठल्यासारखे तीन-चार जण त्यावर तुटून पडायचे. शिस्त फार कडक. शिन पुढे स्वतः मोकळ्या स्वभावाचा, खेळाडूंशी हसूनखेळून वागणारा प्रशिक्षक झाला, पण दमसासाबद्दलचा त्याचा आग्रह मात्र गुरूकडून आलेला आहे असं मला कायम वाटत आलंय.

राष्ट्रीय संघात त्याचं फारसं जमलं नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला तो होता. पण १९९४, १९९८ आणि २००२, तिन्ही वर्ल्ड कप त्याच्या उमेदीच्या काळात झाले आणि तिन्हींच्या संघात त्याचं नाव नव्हतं. २००२ मध्ये स्वतःच्या देशात वर्ल्ड कप होता, प्रशिक्षक हिडिंक यांचा कोरियन संघ चौथा आला, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू घरी बसून बघत होता. १९९६ च्या आशिया कपमध्ये इराणविरुद्धची उपांत्यपूर्व लढत ही त्याची राष्ट्रीय संघातली सगळ्यात लक्षात राहिलेली मॅच, आणि तीही दुखऱ्या कारणाने. त्याने गोल केला, मध्यंतराला कोरिया २-१ पुढे होता, आणि सामना संपला तेव्हा फलक होता इराण ६, कोरिया २. अली दाईने एकट्याने चार मारले. मधल्या फळीतून सामना हातातून निसटत जाताना आत राहून बघणं काय असतं, हे त्या दिवशी त्याने अनुभवलं.

२००५ मध्ये तो ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड रोअर क्लबाकडे गेला. घोट्याने दगा दिला, एका सामन्यानंतर खेळणं संपलं, आणि तिथेच तो प्रशिक्षकांच्या ताफ्यात रुजू झाला. ही तीन-चार वर्षं कुणी फारशी बोलत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटतात. कोरियन क्लबांत मोठ्याच्या शब्दापुढे धाकट्याने तोंड उघडायचं नाही अशी रीत होती. ऑस्ट्रेलियात खेळाडू प्रशिक्षकाला नावाने हाक मारतात, ‘असं का?’ म्हणून विचारतात. शिनच्या संघांत पुढे जो मोकळेपणा दिसला, त्याचं मूळ ब्रिस्बेनमध्ये असावं असा माझा अंदाज आहे.

२००८ च्या अखेरीस सोंगनामने त्याला बोलावलं, तेसुद्धा आधी हंगामी प्रशिक्षक म्हणून. वय जेमतेम अडतीस. पहिल्याच वर्षी, २००९ मध्ये, संघ लीगमध्ये आणि एफए कपमध्ये उपविजेता झाला. त्याच मोसमातल्या इंचॉनविरुद्धच्या प्लेऑफ लढतीत रेफ्रीने त्याला बाहेर काढलं. तो वर प्रेक्षकांत जाऊन बसला आणि वॉकीटॉकीवरून खाली डगआउटला, म्हणजे मैदानाकडेच्या बाकावरच्या सहकाऱ्यांना, सूचना देऊ लागला. सामना पेनल्टीपर्यंत गेला आणि सोंगनाम जिंकलं. वर्तमानपत्रांनी त्याला वॉकीटॉकीची जादू म्हटलं. मला त्यात जादू दिसत नाही. ज्याने कधी उंचावरून सामना पाहिलाय त्याला माहीत असतं की डगआउटमधून मैदान चपटं दिसतं, ओळींमधली अंतरं कळतच नाहीत. वरून बघितलं की बचाव फळी आणि मधली फळी यांच्यात कुठे फट पडलीय ते लगेच डोळ्यात भरतं. शिक्षा म्हणून मिळालेली जागा त्याने कामाला लावली.

१३ नोव्हेंबर २०१० ला टोकियोत सोंगनामने इराणच्या झोब अहानला ३-१ हरवून आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. इल्ह्वाने १९९५ मध्ये आशियाई क्लब विजेतेपद मिळवलं तेव्हा शिन खेळाडू होता. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून ही स्पर्धा जिंकणारा तो पहिलाच. त्या रात्री तो स्वतःबद्दल ‘नान्नोम’ असं म्हणाला, म्हणजे ‘आपण काहीतरी वेगळंच रसायन आहोत’ अशा अर्थाचं. कोरियात असं बोललेलं फारसं खपत नाही. तो शब्द त्याला कायमचा चिकटला, आणि पुढे संघ हरला की हाच शब्द त्याच्या तोंडावर फेकला गेला. २०११ मध्ये एफए कप आला. २०१२ मात्र वाईट गेलं. संघ खालच्या निम्म्यात घसरला आणि त्याने राजीनामा दिला. हे २०१२ लक्षात ठेवा, उल्सानकडे येताना पुन्हा लागेल.

यानंतर आगी विझवण्याचा काळ सुरू झाला. २०१४ च्या वर्ल्ड कपनंतर राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक हाँग म्युंग-बो यांनी पद सोडलं, तेव्हा दोन मैत्रीपूर्ण सामन्यांपुरता संघ शिनकडे. त्यानंतर तो नवे प्रशिक्षक स्टिलिके यांचा सहायक. २०१५ च्या सुरुवातीला ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक ली ग्वांग-जोंग ल्युकेमियाने आजारी पडले, तो संघही शिनकडे. त्या पोरांना घेऊन तो रिओला गेला. फिजीवर ८-०, जर्मनीशी ३-३, मेक्सिकोवर १-०, गटात पहिला क्रमांक, आणि मग उपांत्यपूर्व फेरीत होंडुरासकडून ०-१ अशी हार. २०१६ च्या अखेरीस २० वर्षांखालील संघाची जबाबदारी आली, घरच्या मैदानावरची विश्वचषक स्पर्धा काही महिन्यांवर असताना. अर्जेंटिनाला हरवलं, बाद फेरीत पोर्तुगालने १-३ ने बाहेर काढलं. तोवर जून २०१७ उजाडला. कोरिया कतारकडून २-३ हरला, स्टिलिके यांची हकालपट्टी झाली, आणि वर्ल्ड कपची पात्रता धोक्यात असताना, फक्त दोन सामने शिल्लक असताना, मुख्य संघ शिनच्या हाती दिला गेला.

इराणशी ०-०, ताश्कंदला उझबेकिस्तानशी ०-०. कोरिया पात्र ठरला, पण लोक खूश नव्हते. त्याच आठवड्यात हिडिंक परत यायला तयार आहेत अशी बातमी फुटली आणि चाहते त्यांच्या नावाचा धोशा लावून बसले. ज्याने वर्ल्ड कपचं दार उघडं ठेवलं, त्याला पात्र ठरल्याबरोबर बाजूला व्हायला सांगत होते. त्या महिन्यांत शिनने स्वतःचा तोल कसा सांभाळला, हा मला त्याच्या डावपेचांपेक्षा मोठा विषय वाटतो.

आता २०१८. तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्पर्धेपूर्वीच त्याचे मोहरे गळाले. बचावातला किम मिन-जे, डावा बॅक किम जिन-सू, आघाडीचा क्वॉन चांग-हून आणि अनुभवी ली ग्युन-हो, सगळे जखमी. ऑस्ट्रियातल्या सराव शिबिरावर स्वीडनच्या निरीक्षकाने जवळच्या घरातून नजर ठेवली होती. शिनने सराव सामन्यांत खेळाडूंच्या जर्सीचे नंबर बदलून टाकले, कारण पाश्चात्त्यांना आशियाई चेहरे वेगळे ओळखता येत नाहीत असं त्याचं म्हणणं. बोलिव्हियाशी ०-० झाल्यावर निवडलेली आघाडीची जोडी म्हणजे ‘ट्रिक’ होती असंही तो बोलून गेला. कोल्ह्याचा स्वभाव तो, पण माझ्या मते इथे तो चुकला. प्रतिस्पर्ध्याला फसवण्याच्या नादात स्वतःच्या संघाला एकत्र खेळायची सवय लागायचे सामने त्याने खर्ची घातले. स्वीडनसमोर त्याने उंचापुऱ्या किम शिन-वूकला मध्ये उभं केलं, आणि पूर्ण सामन्यात कोरियाचा एकही फटका गोलच्या चौकटीत गेला नाही. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या रेफ्रींमुळे, मिळालेल्या पेनल्टीवर ०-१. मेक्सिकोकडून १-२. त्यातच कर्णधार की सुंग-युंग पोटरीच्या दुखापतीने बाहेर.

मेक्सिकोविरुद्ध हाताला चेंडू लागून पेनल्टी गेली ती चांग ह्युन-सू या बचावपटूमुळे. देशभर त्याच्या नावाने शिमगा चालला होता. कुठल्याही प्रशिक्षकापुढे दोन सोप्या वाटा असतात. त्याला बसवायचं, किंवा हट्टाने तिथेच ठेवायचं. शिनने तिसरी काढली. जर्मनीविरुद्ध त्याला बचाव फळीतून उचलून एक ओळ पुढे, मधल्या फळीत चोंग वू-योंगच्या शेजारी लावलं, आणि मागे युन योंग-सनला आणलं. मधे चूक झाली तरी मागे अजून एक ओळ असते. पोराची धावायची ताकद संघाला मिळाली आणि एका चुकीने सामना जाईल ही भीती त्याच्या मानेवरून उतरली. कोचिंगच्या वर्गात मी ही गोष्ट नेहमी सांगतो. चुकलेल्या खेळाडूला संघात ठेवून त्याचं ओझं कसं हलकं करायचं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

२७ जून, कझान. जर्मनीला जिंकणं भाग होतं. त्यांचा चेंडू सतत कोरियाच्या बॉक्सभोवती फिरत होता आणि कोरियाच्या दोन ओळी आत, अगदी चिकटून. रुंदीला जर्मनांना सोडलं होतं, मध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. क्रॉस आला की किम योंग-ग्वोन आणि युन डोक्याने काढत होते, उरलेलं गोली चो ह्योन-वू बघत होता. जर्मनी जसजशी पुढे सरकत गेली तसतशी त्यांच्या मागची मोकळी जागा वाढत गेली, आणि त्या जागेसाठी शिनने आघाडीच्या सोन ह्युंग-मिनला वर राखून ठेवलं होतं. साधारण सत्तराव्या मिनिटाला त्याने जू से-जोंगला आत आणलं. जू त्या वेळी सक्तीच्या सेवेत होता आणि पोलीस दलाच्या संघाकडून खेळायचा.

भरपाई वेळेत सोनचा कॉर्नर. गर्दीत चेंडू टोनी क्रूसच्या पायाला लागून किम योंग-ग्वोनसमोर आला, त्याने ढकलला. झेंडा वर गेला, ऑफसाइड. व्हीएआरमध्ये दिसलं की चेंडू जर्मन पायावरून आलाय, म्हणजे ऑफसाइड लागत नाही. गोल. हा तोच किम योंग-ग्वोन, ज्याने आदल्या वर्षी इराणच्या सामन्यानंतर प्रेक्षकांच्या आवाजामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं असं म्हटलं आणि ज्याच्यावर अख्खा देश तुटून पडला होता. मग शेवटची मिनिटं. जर्मन गोली नॉयर चक्क कोरियाच्या अर्ध्यात येऊन खेळत होता. जूने त्याच्याकडून चेंडू हिसकावला आणि मान वर केली न केली तोच लांब पाठवला. सोन धावला, पुढे रिकामा गोल. २-०. १९३८ नंतर प्रथमच जर्मनी पहिल्या फेरीत बाहेर.

त्याच वेळी दुसरीकडे मेक्सिकोने स्वीडनला हरवलं असतं तर हाच निकाल कोरियाला बाद फेरीत घेऊन गेला असता. स्वीडन ३-० जिंकलं. इंचॉन विमानतळावर संघाचं स्वागत झालं त्या गर्दीतून खेळाडूंवर अंडी भिरकावली गेली. करार पुढे वाढला नाही. तेव्हा ही मॅच नशिबाची होती का? शेवटचे दोन गोल कुणी ठरवून मारत नाही, मान्य. पण नव्वद मिनिटं जर्मनीला ० वर रोखणं हे नशिबाने होत नाही, आणि जूला आत आणून सोनला वर ठेवण्याचा हिशेब सामना संपायच्या वीस मिनिटं आधी मांडला गेला होता.

आता इंडोनेशिया. डिसेंबर २०१९ मध्ये करार झाला तेव्हा हा संघ फिफाच्या यादीत १७३ वा होता. लोकांचं फुटबॉलवेड अफाट, स्टेडियम खचाखच, आणि संघ मात्र साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला गळणारा. शिनने पहिल्यापासून दमसास पकडला. व्यायामशाळा, धावणं, आणि ताट. तिथे रस्तोरस्ती तळलेले पदार्थ मिळतात, त्यांना गोरेंगान म्हणतात, आपल्या भजी-वड्यांसारखे. खेळाडूंच्या शिबिरातून ते बंद. आपल्याकडे कुणी सरावानंतर वडापाव बंद करायला सांगितलं तर काय होईल ते मी अनुभवलंय. मुलं ऐकतात, पालकच नाराज होतात. तो वाद घालायला प्रशिक्षकाच्या अंगात चिकाटी लागते, कारण त्याचा गोल सहा महिन्यांनी होतो.

मुख्य संघ, २३ वर्षांखालील आणि १९-२० वर्षांखालील, तिन्ही त्याच्याच हाताखाली. वरच्या संघात जो आकार, तोच खालच्या संघात, म्हणजे पोरगा वर आला की त्याला भाषा नवीन नाही. मार्सेलिनो फर्डिनान, प्रतामा अरहान, रिझ्की रिधो, विटान सुलेमान हे सगळे या रांगेतून मोठे झाले. करोनाच्या वर्षी त्याने १९ वर्षांखालच्या मुलांना क्रोएशियात शिबिराला नेलं, कारण इंडोनेशिया २० वर्षांखालील विश्वचषकाचं यजमान होतं. स्पर्धा दोन वर्षं पुढे ढकलली गेली, आणि मार्च २०२३ मध्ये इस्रायलच्या सहभागावरून वाद पेटून यजमानपदच काढून घेतलं गेलं. ज्या पोरांना ज्या दिवसासाठी तयार केलं, तो दिवसच आला नाही. वयोगटाच्या संघांबरोबर काम केलेल्याला हे किती लागतं ते सांगता येत नाही. वीस वर्षांखालचं वय परत मिळत नाही.

मोठ्या संघाचं काम मात्र फळाला येत होतं. जून २०२२ मध्ये कुवेतला कुवेतमध्ये हरवून इंडोनेशिया आशिया कपसाठी पात्र ठरली. मग नेदरलँड्समध्ये वाढलेले, मूळ इंडोनेशियन रक्ताचे खेळाडू नागरिकत्व घेऊन आले. यावरून शिनवर टीका होते की बाहेरची तयार माणसं घेऊन काय मोठं केलं. टीकेत तथ्य आहे. इड्झेस किंवा टॉम हाय यांच्यासारखे खेळाडू नसते तर पुढची उडी एवढी लांब पडली नसती. पण माझं म्हणणं असं, की इथल्या पोरांचे पाय नव्वद मिनिटं चालायला लागले नसते, तर युरोपातून आलेले चार-पाच जण त्यांच्याबरोबर खेळूच शकले नसते.

जानेवारी २०२४ च्या आशिया कपमध्ये आपलाही संघ होता, म्हणून हे जास्त टोचतं. भारत तेव्हा यादीत १०२ वा, इंडोनेशिया १४६ वी. आपण तिन्ही सामने हरलो, एकही गोल झाला नाही. इंडोनेशिया इराक आणि जपानकडून हरली, पण व्हिएतनामला १-० ने हरवून उत्तम तिसऱ्या क्रमांकांच्या संघांतून इतिहासात प्रथमच बाद फेरीत गेली. तिथे ऑस्ट्रेलियाने ४-० ने धुतलं, ते वेगळं. चार वर्षं एकाच माणसाने तिन्ही वयोगटांत एकच गोष्ट शिकवल्यावर काय होतं, ते आपल्या डोळ्यांसमोर घडलं.

आणि मग २५ एप्रिल २०२४ ची दोहातली रात्र. २३ वर्षांखालील आशिया कपची उपांत्यपूर्व फेरी, ऑलिंपिकची पात्रता पणाला, समोर दक्षिण कोरिया. कोरियाच्या बाकावर ह्वांग सुन-होंग, म्हणजे शिनच्याच पिढीचा स्ट्रायकर, शिनला न मिळालेले वर्ल्ड कप खेळलेला. राफाएल स्ट्रुइकने इंडोनेशियासाठी दोन गोल केले. कोरियाच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं, प्रशिक्षक ह्वांगलाही मिळालं, तरी दहा जणांनी २-२ केलं. पेनल्टी संपता संपेनात. सगळ्यांची एकेक पाळी होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. अकरा-दहा. शेवटची पेनल्टी अरहानने घातली. १९८८ पासून सलग नऊ ऑलिंपिक खेळलेला कोरियाचा फुटबॉल संघ पॅरिसला जाणार नव्हता, आणि ते घडवणारा माणूस आठ वर्षांपूर्वी त्याच संघाला रिओला घेऊन गेला होता. सामन्यानंतर तो म्हणाला की आनंद आहेच, पण मन दुखतंही आहे. त्यानंतर उझबेकिस्तान, इराक आणि शेवटी फ्रान्समधल्या प्लेऑफमध्ये गिनीकडून हार झाली, आणि इंडोनेशियाही पॅरिसला पोहोचली नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जकार्तात सौदी अरेबियाला २-० हरवलं, दोन्ही गोल मार्सेलिनोचे. वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत इंडोनेशिया शर्यतीत होती, क्रमवारीत १३० च्या आत आली होती. ६ जानेवारी २०२५ ला संघटनेने त्याला काढलं. कारण सांगितलं संवादाचं आणि नेतृत्वाचं. जागी पॅट्रिक क्लायव्हर्ट आला. ऑक्टोबरमध्ये चौथ्या फेरीत सौदी आणि इराककडून हरून इंडोनेशिया बाहेर पडली आणि क्लायव्हर्टही गेला. शिन राहिला असता तर पात्र ठरले असते असं मी म्हणणार नाही. पण शेवटच्या टप्प्यात माणूस बदलणं हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता, आताही पटत नाही. नेदरलँड्समध्ये वाढलेले खेळाडू वाढल्यावर दुभाष्यामार्फत चालणारं बोलणं तोकडं पडत असेल, हे मी मानतो. पण त्यासाठी एक चांगला सहायक आणता आला असता.

उल्सानबद्दल थोडक्यात. लागोपाठ तीन लीग जिंकलेला क्लब २०२५ मध्ये घसरला, ऑगस्टमध्ये पुन्हा शिनला हाक आली, आणि ९ ऑक्टोबरला त्याला जावं लागलं. ड्रेसिंग रूम आणि तो यांचं जुळलं नाही, हे उघड आहे. इथे २०१२ आठवा. त्याच्या कामातली उणीव मला दोन्हीकडे एकच दिसते. भुकेल्या, तरुण, स्वतःला कमी समजणाऱ्या संघाला तो उभं करतो. जिंकून झालेल्या, वयाने मोठ्या खेळाडूंचा लांबलचक मोसम सावरणं त्याला जमत नाही. तिथे त्याचा थेट बोलण्याचा स्वभाव आणि ताबडतोब बदल करायची घाई अंगाशी येते. हा दोष छोटा नाही. पण प्रत्येक प्रशिक्षक प्रत्येक संघासाठी नसतो.

मधल्या फळीचा प्रश्न राहिला. मधे खेळल्याने कुणी आपोआप प्रशिक्षक होत नाही. मान फिरवायची सवय मिळते, एवढंच. ती सवय मैदानाबाहेर नेणं वेगळं शिकावं लागतं, आणि शिनला त्यासाठी ब्रिस्बेनमध्ये कुणाच्या तरी हाताखाली राबावं लागलं. तुम्ही स्वतः मिडफिल्डर असाल आणि कोचिंगकडे वळायचं मनात असेल, तर कझानचा पूर्ण सामना शोधून दोनदा बघा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा चेंडू सोडून द्या आणि फक्त चांग ह्युन-सूवर नजर ठेवा. तो कधी मागे येतो, कधी पुढे जातो, चुकला की त्याच्या मागे कोण सरकतं, हे मिनिटागणिक वहीत लिहून काढा. मग लिहिलेलं मला पाठवा, त्यावर बोलू.